पाटांचा जिना : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आई मोरीत घसरल्या. लागलं काही नाही, पण उठता येईना. मी मागून काखेत हात घालून ओढून पाहिलं, दोनदा. तिसऱ्या वेळी माझ्याच कंबरेत उसण भरली. हे ऑफिसात, लेक पुण्यात. ओल्या फरशीवर सासू-सुना शेजारी शेजारी बसून राहिलो. आई म्हणाल्या, "आता आधी कोण उठतंय ते बघू."

इतक्यात गॅसवाला आला. खांद्यावरचा सिलिंडर दारात टेकवला, "वहिनी, सरका वाईच," म्हणाला, आईंच्या मागे उकिडवा बसला, त्यांना छातीशी धरलं आणि उठला. एका दमात. मग सिलिंडर आत आणून दिला, पैसे मोजले आणि गेला.

रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच छापलेलं असतं. आमच्यावर १५.९ आहे. आत गॅस १४.२ किलो. म्हणजे भरलेला तीस किलोचा. आई चोपन्न किलोच्या. पोरगा उंचीने माझ्याएवढाच.

१२ जून, बुधवार

एक्स-रे स्वच्छ आहे. डॉक्टर आईंना म्हणाले, "आता खाली बसणं बंद." मला म्हणाले, "वजन उचलू नका." दोन्ही सल्ले घेऊन आम्ही रिक्षात बसलो. घरात सिलिंडर आहे, पाण्याच्या बादल्या आहेत, दळणाचा डबा आहे आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. तिथे वजन न उचलता राहायचं कसं, हे विचारायचं राहून गेलं.

१६ जून, रविवार

नववीच्या मुलांना दरवर्षी बजावते: आधी उद्दिष्ट लिहा, मग मोजमाप, मग रोजची नोंद, शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत लिहिलेली वही मला लगेच ओळखू येते. तर ही माझी वही.

उद्दिष्ट: मार्चअखेर आईंना जमिनीवरून मी एकटीने उचलणे.

आजची मोजमापं. वय ५१, वजन ६१.

हात छातीशी दुमडून खुर्चीतून ३० सेकंदांत उठबस: ११. ही चाचणी रिकली आणि जोन्स या संशोधकांनी १९९९ मध्ये साठीपुढच्या लोकांसाठी बसवली. साठ ते चौसष्टच्या बायकांच्या साधारण १२ ते १७ होतात. मला साठीला अजून नऊ वर्षं आहेत. आईंनीही करून पाहिली. हात टेकून चार झाल्या. हात टेकले की नियमाप्रमाणे शून्य, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

एका पायावर उभं राहणं: उजवा १८ सेकंद, डावा ६.

उभ्याने खाली बसून परत उठणं. ब्राझीलच्या आराउजो यांची ही पद्धत: बसायला पाच गुण, उठायला पाच, हात, गुडघा किंवा कोपर टेकलं की दर टेकणीला एक वजा, तोल गेला की अर्धा. मला साडेसहा.

दहा-दहा लिटरच्या दोन भरल्या बादल्या: नळापासून २२ पावलं. दम लागला नव्हता, पाय चालत होते. बोटंच उघडली.

२३ जून, रविवार

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर पलीकडच्या गल्लीत राहतात. तरुणपणी तालमीत लोळलेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आमची केरसुणीची काठी मागितली आणि माझ्या पाठीवर उभी धरली: डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेली. "आता वाका मॅडम. काठी कुठं सुटली नाही पाहिजे."

पहिल्याच वाकण्यात माकडहाडापासून सुटली. म्हणजे एकावन्न वर्षं मी कंबरेतून वाकत आले, खुब्यातून नाही. बूड मागे ढकलायचं, जणू हातात सामान आहे आणि ढुंगणाने दार लोटायचंय. मग पाठ आपोआप सरळ राहते आणि ओढ मांडीच्या मागच्या बाजूला बसते. वीस वेळा केलं. रात्री ओढ नेमकी तिथेच जाणवली.

ठरवलं ते असं. मंगळ, गुरू, शनी, सकाळी अर्धा-पाऊण तास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तिसरा मी माझ्या आळसासाठी शिल्लक ठेवलाय, एखादा बुडाला तरी दोन उरतात. उठबस, खुब्यातून उचलणं, ओट्याला हात टेकून जोर, बादल्या वाहणं आणि पायरी चढणं. ओढण्यासाठी घरात काही सापडेना. वजनाला पाण्याचे कॅन. लिटरला किलो, तराजू लागत नाही. दर आठवड्याला फार तर एक लिटर वाढवायचं.

१४ जुलै, रविवार

पालखी लोणंदला होती तेव्हा एक दिवस मावसबहिणीकडे जाऊन आले. यंदा माझं लक्ष नको तिथे. कोण कसं बसतंय, कोण कसं उठतंय. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पंगतीला उकिडव्या बसतात आणि एक हात गुडघ्यावर दाबून उठतात. सत्तरीच्या आतली एकही दिसली नाही असं वाटावं इतक्या म्हाताऱ्या. मनात म्हटलं, जुनी हाडं.

पण संध्याकाळी त्यातलीच एक पायाला बाम चोळत बसली होती. गुडघे दुखतात का विचारलं. "गेल्यात की दोन्ही. पर बसल्याबिगर जेवाण जातंय व्हय?" त्यामुळे जमिनीवर बसल्याने गुडघे शाबूत राहतात वगैरे मी लिहिणार नाही. तिचे दुखत होते, ती बसत होती, आणि बसता येत होतं म्हणून उठताही येत होतं.

४ ऑगस्ट, रविवार

मूर्खपणा केला. सर बोलता बोलता म्हणाले होते की तालमीत रोज पाचशे बैठका व्हायच्या. ते डोक्यात राहिलं. काल एकदम शंभर मारल्या. आज जिना उतरताना कठडा धरून आडवी, खेकड्यासारखी उतरले. डावा गुडघा सुजलाय.

१२ ऑगस्ट, सोमवार

आठ दिवस व्यायाम बंद. सर ओरडले. "पाचशे कितव्या वर्षी, ते विचारलं का? आम्ही दहा वर्षांचे असताना वीसपासून सुरू केलंय." स्नायू काही आठवड्यांत ओझं सोसायला लागतो, त्याला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा महिनोन्महिने मागे राहतात. म्हणून अंगात जोर आल्यासारखं वाटतं तेव्हाच सांधे दुखावतात. मुलांना मी हेच शिकवते, पुस्तकातल्या धड्यात.

बसल्या बसल्या ताटाचा हिशेब केला. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं. माझ्यासाठी साधारण ५१ ग्रॅम. तीन दिवस मोजून लिहिलं तर ३४ च्या पुढे गेलेच नाही. श्रावण आहे, अंडी बंद. पण खरा घोटाळा अंड्याचा नाही. आमच्याकडे पोळ्या तीन आणि पातळ वरणाची एक वाटी, आणि ती वाटी म्हणजे बहुतेक हळदीचं पाणी. सोमवार तर साबुदाण्यावर. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच, खिचडीत जी मिळतात ती दाण्याच्या कुटाची.

वरण घट्ट केलं. रोज एक उसळ: मटकी, हुलगे, चवळी. दुपारी वाटीभर दही, चार वाजता मूठभर शेंगदाणे आणि गूळ. आईंनाही तेच. "एवढं दही कुणासाठी?" म्हणाल्या आणि संपवलं.

१ सप्टेंबर, रविवार

ओढण्याचा प्रश्न आईंनी सोडवला. त्यांच्या माहेरी आड होता, तेरा वर्षांच्या होईपर्यंत रोज वीसेक कळश्या ओढायच्या. "तुमच्या व्यायामात हे कुठंय?" खरंच नव्हतं. जोर म्हणजे ढकलणं, नमस्कार म्हणजे ढकलणं. घरात नळ आला आणि ओढण्याचं कामच संपलं.

आता वरच्या गॅलरीतून अंगणात कासरा सोडते. आई खाली बादलीत पाच लिटर पाणी घालतात आणि "ओढ" म्हणतात. गॅलरीचा कठडा छातीएवढा आणि पक्का आहे, म्हणून हे धाडस. बुटका असता तर केलं नसतं. हातावर हात टाकत बादली वर घ्यायची, तेवढ्याच सावकाश खाली सोडायची. दहा खेपा. पाठ, दंड आणि बोटं, सगळी एकदम कामाला लागतात. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, "वरचा नळ बंद आहे का?"

पकडीबद्दल वाचलं. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० माणसांचा अभ्यास आला होता, त्यात भारतही होता. मुठीची ताकद पाच किलोने कमी, तर मृत्यूची जोखीम १६ टक्के जास्त दिसली. म्हणून नुसता चेंडू दाबत बसायचं नाही. मूठ ही तापमापीसारखी आहे. पारा हलवून ताप उतरत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. माळ्यावरचे पाट काढले, पाच सागवानी आणि चौरंग. मोदक वळताना मी मोठ्या उत्साहात सांगत होते की आता पंचवीस लिटर जमिनीवरून उचलते, मार्चपर्यंत तुम्हाला उचलणार. आई पारी वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे मी पडणार हे तू धरूनच चाललीयस."

मी काहीतरी बोलायला गेले. "आणि त्या वेळी तू शाळेत असलीस म्हणजे?"

मोदक उकडायला गेले. मी स्वयंपाकघरात उभी. तीन महिने वही लिहितेय आणि उद्दिष्टाच्या ओळीतच चूक. नववीच्या मुलाचे मी याचे गुण कापले असते.

२२ सप्टेंबर, रविवार

नवं उद्दिष्ट: आईंनी जमिनीवरून स्वतः उठणे.

त्यांना फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवून आणलं. रक्तदाबाची गोळी चालू, हाडं थोडी ठिसूळ. चालेल म्हणाल्या, तीन अटींवर. श्वास कोंडायचा नाही, उठताना तोंडाने सोडायचा. पाठ गोल करून पुढे वाकायचं नाही. आणि निजून उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मगच पाय टाकायचे; गोळीमुळे एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मोरीत घसरल्या होत्या की अंधारी आली होती, हे आता विचारलं तर "तेच की गं" म्हणाल्या. तीन महिन्यांनी.

हात न टेकता त्या जेवणाच्या खुर्चीतूनही उठत नव्हत्या. खुर्ची १८ इंच. मग पाट आठवले. एक पाट बरोबर दोन इंच. चौरंग १० इंच, त्यावर चार पाट म्हणजे १८. जमलं की एक पाट काढायचा. चौरंगावर आलो की चौरंग बाजूला, पाच पाट. मग चार, तीन, दोन, एक, जमीन.

चळत घसरू नये म्हणून मधे जुन्या रबरी पायपुसण्याचे तुकडे. मागे भिंत, समोर जड खुर्ची. पहिल्या दिवशी वर उशी ठेवून वीस इंच केलं, तेव्हा जमलं. पाच वेळा. पाचव्यांदा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आजवर अडवून धरलं होतं.

६ ऑक्टोबर, रविवार

उशी गेली. १८ इंच, हात न टेकता, आठ वेळा. युक्ती त्यांनाच सापडली: पावलं खुर्चीखाली मागे घ्यायची आणि नाक पायाच्या अंगठ्यावर येईल इतकं पुढे यायचं, पाठ ताठ. तोवर त्या सरळ वर उठायला बघत होत्या.

लांब गाऊन बंद. पायात येतो. आई म्हणतात नऊवारी नेसत होते तेव्हा हे सगळं सोपं होतं. गाऊन घोट्याच्या वर चार बोटं कापून शिवला.

यांचं मत: या वयात उगाच छळ. यांना १९९० चा बोस्टनच्या वृद्धाश्रमातला प्रयोग वाचून दाखवला. नव्वदीतली दहा माणसं, आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम. जी शेवटपर्यंत राहिली त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मुळात किती कमी असेल म्हणून एवढे टक्के वाढले, हेही सांगितलं. हिशेब अर्धा सांगू नये. हे म्हणाले, "मग मीही करू का?" पोट आत ओढून.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत बारा दिवस वही बंद. परत सुरू केलं तर दोघींचंही जवळजवळ काही गेलं नव्हतं. आई १४ इंचांवर.

लेक आली होती, बावन्न किलो. तिला जमिनीवर बसवून उचलून पाहिलं. तिने पाय रोवून साथ दिली तेव्हा उठवली. मग म्हटलं, आता अंग सैल सोड. हसत हसत पोत्यासारखी पडली, आणि मला इंचभरही हलवता आली नाही. जूनमधलं ते गणित इथे सुटलं. आई त्या दिवशी घाबरून सैल झाल्या होत्या. गॅसवाला पोरगा रोज ओझी उचलायला सरावलेला होता, मी नव्हते आणि दर वेळी असेनच असंही नाही.

८ डिसेंबर, रविवार

आठ इंचांवर, म्हणजे चार पाटांवर, अडकलोय. या उंचीला आईंचा गुडघा पुरता मुडपत नाही. रोज तेच, रोज निम्म्यात परत खाली. त्या चिडल्या, मी चिडले, एक दिवस अबोला.

मग वरून खाली येणं सोडून खालून वर जायला घेतलं. गोधडीवर उताणं पडायचं. एक गुडघा दुमडून कुशीवर वळायचं. कोपर टेकायचं, कोपराचा हात करायचा. मग रांगणं. रांगत खुर्चीपर्यंत. दोन्ही हात खुर्चीवर, बळकट पाय पुढे पाऊल टेकवून, आणि मग उठायचं. म्हणजे तान्हं बाळ वर्षभरात जे शिकतं तेच. पहिल्या दिवशी रांगण्यापर्यंत आलो आणि आईंना हसू आवरेना. "नातवंडं झाली आणि आता मीच रांगते."

गुडघ्याखाली गोधडीची चौपदरी घडी. पूर्ण फेरी: ४ मिनिटं १० सेकंद.

१२ जानेवारी २०२५, रविवार

औंधला यमाईला जाऊन आलो. गाडी वरपर्यंत जाते, तरी आई शेवटच्या काही पायऱ्या चालल्या, एक हात माझ्या खांद्यावर. खरं तर खांदा अर्ध्यातच सोडला होता.

भवानी संग्रहालयात चित्रं बघताना मी संस्थानच्या राजांबद्दल सांगत होते. भवानराव पंतप्रतिनिधी आधी जर्मन पहिलवान सँडोच्या उपकरणांवर व्यायाम करायचे, मग सूर्यनमस्कारांकडे वळले आणि ते संस्थानातल्या शाळांमध्ये लावले. आईंचे वडील त्याच भागातले, मरेपर्यंत नमस्कार घालायचे. "आणि मुलींना?" मी विचारलं. "मुलींना आड होता."

जमिनीवरून उठायची फेरी: १ मिनिट ३५ सेकंद. पाट तीन. अडलेला गुडघा रांगण्याने सैल झाला असावा. नक्की सांगता येत नाही, कारण याच महिन्यात बामही बदललाय. एका वेळी एकच घटक बदलावा, हेही मी मुलांना शिकवते.

९ फेब्रुवारी, रविवार

माझे आकडे: उठबस १८. डावा पाय २६ सेकंद. बसून उठणं साडेआठ. बादल्या ८५ पावलं, आणि या वेळी बोटांच्या आधी दम संपला. गॅलरीतली बादली बारा लिटर.

गॅसवाला आला तेव्हा सिलिंडर दारातून ओट्याखाली मीच नेला, दोन्ही हातांनी कडी धरून, खुब्यातून. तो बघत राहिला. "वहिनी, मग मी काय करू?" चहा पी म्हटलं.

२ मार्च, रविवार

दुपारी बाजारातून आले. आई खुर्चीत बसून पेपर वाचत होत्या. गाऊनला दोन्ही गुडघ्यांवर ओली माती. उजव्या कोपरालाही.

"काय केलंत?"

"तुळशीपाशी तण काढत होते."

तण काढायला कोपर लागत नाही. कोपर म्हणजे कुशीवरून वळल्या होत्या. अंगणात गेले तर बादली आडवी, पाणी फाटकापर्यंत गेलेलं. परत येऊन काहीच न बोलता समोर बसले. पान उलटून त्याच म्हणाल्या, "आधी बादलीचा आधार घेतला. ती कलंडली. मग रांगत पायरीपर्यंत गेले."

"किती वेळ लागला?"

"घड्याळ कुठं होतं?"

कोपर खरचटलंय, हळद लावली. डोक्याला, खुब्याला मार नाही. दोनदा विचारलं, दाबून पाहिलं. उद्या फिजिओ बाईंना दाखवायचं. नळापाशी शेवाळ आहे, ते घासून तिथे खरबरीत फरशी बसवायची, हे काम यांच्याकडे. सराव आतापर्यंत खुर्चीशीच केला होता, ती उंच आणि जड. अंगणात खुर्ची नसते हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मोजपट्टी घेऊन पायरी मोजली. सात इंच. साडेतीन पाट.